नळीतलं जांभूळ

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

बायको गेल्यापासून मी या पेजवरच्या गोष्टी वाचतो. बऱ्याच गोष्टी जुळवलेल्या वाटतात. माझीही तुम्हाला तशी वाटली तर माझी तक्रार नाही. पण ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो, मला ताप नव्हता, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

जागा मुरबाडची एमआयडीसी. महिना पौष. वार शुक्रवार.

शुक्रवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते. त्या दिवशी तिथे काय शांतता असते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. यंत्रं बंद, कॅन्टीन बंद, ट्रक नाहीत. रस्त्यावर कुत्रीसुद्धा नसतात, कारण त्यांना कोणी काही टाकणारं नसतं.

माझं नाव महिपत. गाव मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून राहायचं आहे. किंवा नाही. ते पुढे येईलच.

मी एका छोट्या लॅबमध्ये ऑपरेटर आहे. आमच्याकडे तेलं येतात. डिझेल, पंपाची तेलं, मशीनची तेलं. जमिनीतून निघणारी तेलं सगळी. ती मोठ्या दाबाखाली किती घट्ट होतात आणि किती जड होतात, ते आम्ही मोजून देतो.

काम सांगायला सोपं आहे. एक जाड पोलादी नळी. तिच्यात तेल भरायचं. तेलात एक लहानशी पोलादी गोळी सोडायची. गोळी म्हणजे लांबट, जांभळाच्या बीसारखी. नळी घट्ट बंद करायची आणि हातपंपाने आत दाब चढवायचा. मग नळी उलटी करायची. गोळी वरच्या टोकाकडून खाली पडायला लागते. नळीवर बाहेरून दोन कॉइल आहेत. गोळी पहिल्या कॉइलपाशी आली की एक लाल दिवा लागतो, दुसरीपाशी आली की दुसरा. शेवटी गोळी तळाला टेकते.

टक.

तेवढाच आवाज.

पातळ तेलात टक लवकर होतं. घट्ट तेलात उशिरा. दाब वाढवत गेलं की तेल घट्ट होत जातं आणि आपण वाट बघत बसतो. माझी सगळी नोकरी त्या टकची वाट बघण्यात गेली.

हे काम मला भगीरथने शिकवलं. तो माझ्याहून सीनियर. त्याचे दोन नियम. एक, पहिला फॉल, म्हणजे गोळीची पहिली पडझेप, मोजायचा नाही. नळी अजून नीट तापलेली नसते, म्हणून तो आकडा खोटा असतो. तो म्हणायचा, "पयला फॉल मशीनचा. दुसऱ्यापासून आपला."

आणि दुसरा नियम, गोळी अधांतरी ठेवून घरी जायचं नाही. नळीत दाब राहिलेला असतो, गोळी मध्येच अडकलेली असते, आणि सकाळी दुसरा कोणी येऊन नळी उघडायला गेला तर त्याचा जीव जाईल. गोळी तळाला टेकवायची, दाब सोडायचा, मगच डबा उचलायचा.

हा नियम मी कधी मोडला नाही.

आता रंभाबद्दल.

रंभा माझी बायको. माहेर डोळखांबकडचं. बोलायला फटकळ. लग्नानंतर मी तिला माझं काम समजावून सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती.

"म्हंजे गोळी वरून खाली पडते."

"हो."

"नि तुमी बघत बसता."

"हो."

"नि त्याचा पगार देतात तुमाला?"

पुढे कितीतरी वर्षं ती बायकांना हेच सांगायची. आमचे हे काय करतात, तर गोळी पडायची वाट बघतात. सगळ्या हसायच्या. मीही हसायचो.

तिला ती नळी बघायची होती. पण बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये सोडत नाहीत, दाबाचं काम असतं. मी तिला एक गोळी मात्र आणून दिली होती. तिच्यावर ओरखडा पडला होता, म्हणून ती बाद झालेली. चुकून कोणी परत वापरू नये म्हणून बाद गोळीच्या टोकाला आम्ही कानशीने एक खाच पाडतो. तशी खाच मी पाडलेली होती.

रंभाने ती हातात घेऊन बघितली. म्हणाली, "जांभूळ आहे हे."

तेव्हापासून ते जांभूळ.

तिने त्याचं काय केलं, तर खोबरेलाच्या बाटलीत टाकलं. औषधाची जुनी काचेची बाटली होती. आमच्याकडे थंडीत खोबरेल गोठतं. पांढरं दगड होतं. रंभा सकाळी बाटली अंगणात उन्हाला ठेवायची. थोड्या वेळाने उचलायची, उलटी करायची, दोनदा हलवायची आणि कानाला लावायची.

टक झालं की तेल पातळ झालं.

"तुमची मशीन लाखाची," ती म्हणायची. "माझी बाटलीची. काम एकच."

मग केस मोकळे सोडून ती ओट्यावर तेल लावत बसायची. तिचे केस चांगले होते. मी हे उगाच सांगत नाही.

गेल्या वर्षी ती गेली. पौषातच. काय झालं ते लिहीत नाही, त्याचा इथे संबंध नाही. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं तेव्हा दिवस कलला होता. मावळायच्या आत नेलं पाहिजे म्हणून सगळे घाई करत होते. शेजारच्या चंदा वहिनींनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. मग केसांना तेल लावायला तिचीच बाटली घेतली. उलटी केली, हलवली.

काही आलं नाही.

"गोठलंय गो तेल," वहिनी म्हणाल्या. "पार दगड झालाय."

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "राहू द्या आता, टाइम नाय." वहिनींनी तसेच कोरडे केस विंचरले.

मी ती बाटली खिशात घातली. स्मशानात एका दगडावर फोडली. आतून तेलाचा पांढरा गोळा निघाला. त्याच्या मधोमध जांभूळ. काचा झटकून तो गोळा मी तिच्या केसांत ठेवला. भगीरथ बाजूला उभा होता. त्याने बघितलं.

मग आग दिली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा मी जांभूळ शोधलं. पोलाद आहे, लाकडाच्या आगीत ते कुठे जाणार? हाताने सगळी राख चाळली.

नव्हतं.

दहाव्याला काळू नदीवर पिंड ठेवला. लोक मागे सरकत होते तेवढ्यात कावळा आला आणि शिवून गेला. सगळ्यांना बरं वाटलं. एक म्हातारी म्हणाली, "बाईचा जीव कशात अडकला नाय. मोकळी झाली."

सगळे घरी निघाले. मी नदीकडे बघत राहिलो. मला वाटलं, कशातच नाही? माझ्यातसुद्धा नाही?

हे मी कोणाला बोललो नाही. पण वर्षभर मनात हेच होतं. घरात मी तिची चाहूल घ्यायचो. रात्री जागा राहायचो. भांडं वाजलं तर उठून बघायचो. मांजर असायचं. बाकी काही नाही. घर नुसतं रिकामं. तुम्ही लोक भुताला घाबरता. मी त्या घरात वर्षभर भुताची वाट बघितली आणि ते आलं नाही.

मुलगी समीक्षा भातसानगरला असते. जावई धरणावर नोकरीला आहे. ती सारखी म्हणायची, "बाबा, घराला कुलूप लावा आणि इकडे या. कोणासाठी थांबलाय तिथे?"

मी म्हणायचो, वर्षश्राद्ध होऊ दे.

वर्षश्राद्धाच्या अलीकडचाच तो शुक्रवार.

एका पंपवाल्या कंपनीचं नवीन तेल आलं होतं. रविंद्र साहेब आमचे इंजिनियर. त्यांना आकडे शनिवारी सकाळी पाहिजे होते. भगीरथ नात्यातल्या लग्नाला गेला होता. मी म्हटलं, मी येतो सुट्टीचा. घरी बसून तरी काय करायचं?

गेटवर गोजर काका होते. आमचे वॉचमन.

"काय रे महिपत, सुट्टीच्या दिवशी पण?"

"साहेबांना घाई आहे."

"साहेब कुठायत?"

"घरी."

"मग बरोबर," काका म्हणाले आणि बिडी पेटवली.

नळी मी स्वतः सॉल्व्हंटने धुतली. नवीन तेल भरलं. नवीन गोळी घातली. नवीन, म्हणजे चकचकीत, खाच नसलेली. हे लक्षात ठेवा. टोपण आवळलं आणि दाब चढवायला सुरुवात केली.

नळी एका चौकटीत बसवलेली आहे. ती फिरते, पण आपोआप नाही. एक जाड पिन असते. एका हाताने नळीचा भार घ्यायचा, दुसऱ्या हाताने पिन ओढायची, मग नळी उलटवायची आणि पिन परत घालायची. जोर लागतो. माझे खांदे त्यानेच गेलेत.

सकाळचं काम नेहमीसारखं झालं. दाब वाढत गेला तसं टक उशिरा होत गेलं. शेजारी दुसरं भांडं असतं, त्यात दाबाखाली तेल किती आकसतं ते दिसतं. आकसलं की जड झालं. तेही आकडे बरोबर येत होते.

शेवटचा दाब चढवला. नळी उलटी केली, पिन घातली. पहिला दिवा लागला.

दुसरा लागला नाही.

मी थांबलो. बराच वेळ थांबलो. गोळी मध्येच अडकली होती. असं होतं. काही तेलांत मेण जास्त असतं, फार दाब दिला की ती आतल्या आत गोठतात. घट्ट नव्हे, पार दगड. मी कागदावर "गोठलं" असं लिहिलं. आता दाब सोडला की तेल पातळ होणार आणि गोळी खाली येणार. पण एकदा नीट खात्री करावी म्हणून मी तसंच राहू दिलं आणि डबा उघडला.

भाकरी मीच भाजलेली. कडेला जळलेली. स्टुलावर बसून खाताना समोर नळी दिसत होती. आत गोठलेलं तेल, मधोमध गोळी. मला ती बाटली आठवली. भाकरी हातातच राहिली.

तेव्हा...

टक.

मी मान वर केली. दुसरा दिवा लागलेला नव्हता. गोळी तळाला जायची तर तिला दुसऱ्या कॉइलपासून जावंच लागतं. दिवा लागलाच पाहिजे.

उठून गेज बघितलं. दाब तेवढाच. म्हणजे तेल अजून दगडच होतं.

पोलाद गरम-गार होताना कधी कधी वाजतं. मी मनात म्हटलं, पहिला फॉल मशीनचा. सोडून द्यायचा.

डबा धुवायला बाहेरच्या नळावर गेलो. हात पुसत आत आलो आणि दारातच थांबलो.

नळी उलटी झाली होती.

पिन साखळीला लोंबत होती. हलत होती.

मी भिंतीकडे बघितलं. मागच्या दाराला आतून कडी होती. पुढच्या दारात मी स्वतः उभा होतो. लॅब एका खोलीची. लपायला जागा नाही.

मी पुढे गेलो नाही. मागेही गेलो नाही.

तिथे एक मोटर असते, नळी गरम ठेवायच्या टाकीतलं पाणी ढवळत राहते. तिची घरघर दिवसभर चालू असते, इतकी की आम्हाला ती ऐकूच येत नाही. ती थांबली तेव्हा मला कळलं की ती थांबली. ट्यूबलाइट मात्र चालू होती. लाइट गेली नव्हती.

इतकं शांत झालं की माझ्याच कानात आवाज यायला लागला.

आणि मग...

नळी हलली.

माझ्यासमोर. हळूहळू फिरली. धक्का नाही, खडखड नाही. कोणीतरी सांभाळून उलटवावी तशी. अर्धा फेरा झाला आणि ती थांबली.

मग ती थरथरली. दोनदा.

जड पोलादी नळी. एका हाताने नुसती धरून ठेवायलाही मला जोर लागतो. ती दोनदा हलली, जशी बाटली हलवतात.

मग थांबली. कोणीतरी कान लावलाय अशी थांबली.

टक.

गोठलेल्या तेलात. दिवा न लागता.

ती परत फिरली. परत दोनदा हलली. परत टक. घाई नव्हती तिला. अंगणात ऊन खात बसल्यासारखं चाललं होतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. वाटली. पण माझी नजर हटत नव्हती. वर्षभर मी ज्याची वाट घरात बघितली ते इथे होतं. जिथे तिला एकदाही सोडलं नाही, तिथे.

रंभा नळी बघायला आली होती.

मोटर पुन्हा घरघरायला लागली. नळी थांबली. मी तिच्याजवळ न जाता भिंतीला धरून बाहेर पडलो.

गेटपाशी गोजर काकांच्या बाकावर जाऊन बसलो. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं बोलून?"

"काय?"

"फोनवर होतास ना?"

फोन माझ्या गाडीच्या डिकीत होता. तो आत न्यायला बंदी आहे. मी तसं सांगितलं.

काकांनी बिडी विझवली. मग म्हणाले, "मी पाणी भरायला आलेलो खिडकीखाली. तू बोलत होतास. मधीमधी गप रहायचास. मग हसलास. मग परत बोललास."

"काय बोलत होतो?"

"ते मला काय माहीत? आवाज येत होता फक्त. मला बरं वाटलं. म्हटलं, हसला तरी वर्षानं."

काका, मी तोंड उघडलं नव्हतं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला तिथूनच घरी जायचं होतं. पण नळीत दाब होता. गोळी अधांतरी ठेवून घरी जायचं नाही. म्हणून मी परत आत गेलो. एकटा. कोणाला बरोबर घेऊ? कोणाला काय सांगू?

आत सगळं जागच्या जागी होतं. पिन घातलेली. ती मी घातली नव्हती.

मी दाब हळूहळू सोडला. गेजचा काटा शून्यावर आला. खाली ट्रे धरला आणि टोपण उघडलं.

तेल ट्रेमध्ये पडलं. मागून गोळी.

ती काळी होती.

आगीत राहिलेल्या पोलादासारखी. फडक्याने पुसली. एका बाजूला ओरखडा. टोकाला कानशीची खाच.

आणि वास आला. आमच्या लॅबला रॉकेलसारखा वास असतो, तो माझ्या कपड्यांतून, कातडीतून जात नाही. तो वास नव्हता. खोबरेलाचा होता. उन्हात पातळ केलेल्या खोबरेलाचा.

नवीन गोळी नळीत नव्हती. ट्रेमध्ये नव्हती. ती आजपर्यंत सापडलेली नाही.

शनिवारी सकाळी रविंद्र साहेबांनी ट्रेमधलं तेल दाबाशिवाय, साधं तपासायला घेतलं. घनता मोजली. परत मोजली.

"महिपत, हे कुठलं सॅम्पल?"

"कालचंच, साहेब."

"शक्यच नाही. आपलं तेल हलकं होतं. हे त्याच्यापेक्षा बरंच जड आहे. जमिनीतल्या तेलाची घनताच नाही ही." मग हसले. "खोबरेल ओतलंस की काय नळीत? भजी तळणार होतास?"

मी हसलो नाही. त्यांना ते दिसलं असणार, कारण तेही थांबले. मग म्हणाले नळी नीट धुतली गेली नसेल, काहीतरी मिसळलं असेल, सॅम्पल परत लावू. ते परत लावलं. आकडे सरळ आले. कंपनीला तेच गेले.

भगीरथ लग्नाहून आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने खाच बघितली. लगेच ती टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसला.

"ही तर... तू वहिनींच्या केसांत..."

"हो."

"तू राखेतून उचललीस?"

"शोधली होती. मिळाली नव्हती."

त्याने गोळीवर फडकं टाकलं. मग म्हणाला, "आजच नदीत सोड ही. ऐकतोस का रे? तिला मोकळं होऊ दे. कावळा शिवलाय तिचा."

मी त्याच दिवशी काळू नदीवर गेलो. पाण्यात गुडघाभर उभा राहिलो. जांभूळ मुठीत होतं. गार पाण्यात हात धरला तरी ते गार पडत नव्हतं.

मूठ उघडली नाही माझी.

वर्षभर मी म्हणत होतो, तुझं काहीच कसं मागे राहिलं नाही? आता राहिलं होतं. ते मीच पाण्यात टाकू?

घरी येताना वाण्याकडून खोबरेल घेतलं. औषधाची एक काचेची बाटली धुवून तेल तिच्यात ओतलं आणि जांभूळ आत सोडलं. रोज सकाळी बाटली अंगणात उन्हाला ठेवायला लागलो. तेल पातळ झालं की उलटी करायची, दोनदा हलवायची, कानाला लावायची. टक. मग तेल थोडं हातावर घेऊन मीच डोक्याला लावायचो. चंदा वहिनी कुंपणावरून बघायच्या.

बरं चाललं होतं. खरं सांगतो, वर्षात पहिल्यांदा बरं चाललं होतं.

वर्षश्राद्ध झालं. समीक्षा आली होती, ती जाताना म्हणाली, "बाबा, आता बहाणा नको. रविवारी हे गाडी घेऊन येतील. कपडे बांधून ठेवा."

"बरं."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

तिला खरं वाटलं. मलाही. जायला पाहिजे हे मला कळतं. एकटा माणूस असा किती दिवस काढणार? नातीला मी आवडतो.

काल शनिवार होता. सकाळी बाटली उन्हाला ठेवली. कपड्यांची पिशवी भरली. ऊन चांगलं तापलं. तेल पार पाण्यासारखं पातळ झालं, आरपार दिसायला लागलं. तळाशी जांभूळ.

बाटली उचलली. म्हटलं, "रंभा, मी उद्या समीक्षाकडे चाललोय. येशील?"

आणि उलटी केली.

जांभूळ सुटलं. खाली यायला लागलं. अर्ध्यात आलं...

आणि थांबलं.

पातळ तेलात. पोलादी गोळी. काचेला कुठेही टेकलेली नव्हती. सगळ्या बाजूंनी तेल, आणि मधोमध ती. दोन बोटांत धरून ठेवावी तशी.

मी हलवली. दोनदा हलवली. तेल हललं. जांभूळ हललं नाही.

कालपासून बाटली तशीच उलटी ओट्यावर ठेवली आहे. रात्री मी तिच्याशेजारीच बसून होतो. थंडीत तेल गोठलं, पांढरं झालं, सकाळी परत पातळ झालं. जांभूळ जिथे होतं तिथेच आहे.

आज रविवार. जावयाचा फोन येऊन गेला, ते शहापूरहून निघालेत. मी हे ओट्यावर बसून लिहितोय. पिशवी दाराशी आहे. कुलूप हातात आहे.

गोळी अधांतरी ठेवून घरातून निघायचं कसं, ते मला कळत नाही.

ती कधी ना कधी खाली येईल. टक होईल. तेवढ्यासाठी मी थांबलोय. पण टक झालं म्हणजे ती माझ्याबरोबर निघाली, की मला सोडून गेली... हे कशावरून ओळखायचं?

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजतोय.

बाटली आता थरथरली. एकदाच.